हेडबाईची कबर

माझ्या आईचा आवाज कसा होता, हे मला माहीत नाही. मी जेमतेम दीड वर्षाची असताना ती छातीच्या आजाराने गेली. फोटो आहेत, तीन-चार. त्यातल्या एकात मी तिच्या मांडीवर भोकाड पसरून रडतेय आणि ती माझ्याकडे न बघता फोटोग्राफरकडे बघून हसतेय. चेहरा मला पाठ आहे. आवाज नाही, कारण आवाज साठवून ठेवायची सोय तेव्हा आमच्यासारख्यांच्या घरात नव्हती.

लहानपणी मी बाबांना विचारायचे. बाबा शिंपी होते. सुती कापड कुठं आटतं आणि कुठं ताणतं यावर ते गिऱ्हाइकाला तासभर पकडून ठेवायचे, पण बायकोच्या आवाजाबद्दल विचारलं की दोनच शब्द निघायचे. ‘चांगला होता.’ मावशी म्हणायची, ‘अगदी तुझ्यासारखा गं.’ पण हे ती माझ्याकडून काहीतरी काम करून घ्यायचं असलं की म्हणायची, त्यामुळे त्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. आत्या म्हणायची, ‘छे! हिचा आवाज म्हणजे फाटका बांबू. वहिनीचा वेगळा होता.’ वेगळा म्हणजे कसा? ‘वेगळा म्हणजे वेगळा.’ झालं. आता ती सगळीच माणसं गेली, आणि जाताना आईचा आवाज आपापल्या कानांत घेऊन गेली. या गोष्टीचा मला अजूनही राग येतो. वयाच्या साठीतही येतो.

आणि मी पोट भरते ते लोकांच्या कानांवर. श्रवणयंत्रं बसवायचं माझं छोटंसं दुकान आहे. बाहेर चार खुर्च्या, आत आवाजबंद पेटीसारखी एक खोली. माणसाला त्या खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, ‘पीं वाजलं की दाबा.’ निम्मी माणसं न वाजताच दाबतात. आपल्याला ऐकू येत नाही हे मान्य करण्यापेक्षा माणसाला खोटं बोलणं सोपं जातं, हे मी आजवरच्या धंद्यात शिकले.

त्या दिवशी एक म्हातारी बाई सुनेबरोबर आल्या. ऐंशीच्या आसपास, अंगाने किडकिडीत, पाठ मात्र सरळ. सून बिचारी घसा बसलेली. सासूशी दिवसभर ओरडून बोलायचं, मग दुसरं काय होणार?

‘आई, इथं बसा!’ सून ओरडली.

‘ओरडू नकोस गं, दुकान आहे हे,’ बाई तिच्याहून मोठ्याने म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, ‘डावा कान गेलाय. उजवा अजून ड्यूटीवर आहे.’

हेडफोन मी त्यांच्या डोक्यावर चढवायला गेले, तर त्यांनी माझ्या हातातून काढूनच घेतला. एका हाताने डोक्यावर सरकवला, दुसऱ्या हाताने कानामागचे केस मोकळे केले आणि ताठ बसल्या. मी इतक्या वर्षांत कितीतरी डोकी पाहिलीत, पण हेडफोन इतक्या सफाईने घालणारं माणूस पाहिलं नव्हतं. आणि बटण? एकदाही चुकीचं दाबलं नाही. ऐकू आलं नाही तर चक्क हात वर करून म्हणायच्या, ‘नाही आलं. पुढचा.’

तपासणी संपल्यावर मी नेहमीचा प्रश्न विचारला. ‘कारखान्यात वगैरे होतात का? मोठ्या आवाजात?’

‘टेलिफोन एक्स्चेंज. जुनं, बोर्डांचं. पिना खुपसून लाइनी जोडायचो ना, तसलं. डावा कान सरकारजमा झाला तिथं.’

मी म्हटलं, ‘माझी आई होती तिथं.’

हे मी नेहमीच सांगते. जुन्या एक्स्चेंजचं नाव निघालं की माझ्या तोंडून आपोआप निघतं. लोक ‘हो का?’ म्हणतात आणि विषय संपतो. बाईंनी मात्र मान तिरकी केली आणि उजवा कान माझ्याकडे केला. ‘केव्हा?’

मी साल सांगितलं. ‘फार दिवस नव्हती. लवकर वारली. मी तेव्हा तान्हीच म्हणायची.’

बाईंनी माझा चेहरा नीट न्याहाळला. मग सुनेकडे बघितलं, परत माझ्याकडे. ‘तिच्याच जागेवर माझी भरती झाली,’ त्या म्हणाल्या. ‘तिच्याच खुर्चीवर. मागे एक लहान मुलगी आहे असं सगळ्या म्हणायच्या. ती तू?’

‘तुम्ही पाहिलंय तिला?’

‘नाही गं. मी आले तेव्हा ती गेलेली होती. पण आवाज रोज ऐकलाय तिचा. रोजच्या रोज.’

मला वाटलं, बाईंचं वय झालंय, गल्लत होतेय. मी जरा समजुतीच्या सुरात म्हटलं, ‘बाई, ती गेल्यावर तुम्ही आलात ना? मग आवाज कुठून ऐकणार?’

‘हेडबाईकडून,’ बाई म्हणाल्या.

हेडबाई म्हणजे पोपट.

एका उन्हाळ्यात तो खिडकीतून आत आला आणि सरळ आईच्या बोर्डावर जाऊन बसला. कोणाचा तरी पिंजऱ्यातून सुटलेला असणार. सुपरवायझरनी हाकलायला माणूस बोलावला, पण आईने मधल्या सुट्टीत त्याला आपल्या डब्यातलं खाऊ घातलं आणि संध्याकाळपर्यंत तो तिचा झाला. पिंजरा आला. तो तिच्या बोर्डाशेजारी खुंटीला टांगला गेला. पुढे आई आजारी पडली, रजेवर गेली आणि परत आलीच नाही. आठवडाभर पोपट गप्प होता. मग एका सकाळी तो बोलला, आणि तो तिच्या आवाजात बोलला. अख्ख्या खोलीतल्या बायका खुर्च्यांवरून उठल्या. एक तर चक्कर येऊन पडली. त्यानंतर तो मरेपर्यंत त्याच आवाजात बोलत राहिला, आणि बाईमाणसाचा आवाज म्हणून त्याचं नाव हेडबाई पडलं.

‘मरेपर्यंत म्हणजे?’ मी विचारलं. माझाच आवाज मला कुठून तरी लांबून ऐकू येत होता.

‘एक्स्चेंज बंद पडायच्या चार-पाच वर्षं आधीपर्यंत. भरपूर जगली हो ती. पोपट जगतात.’

मी मनातल्या मनात हिशेब केला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मी शाळेत होते तेव्हा तो जिवंत होता. मी कॉलेजला जायचे ती बस त्या इमारतीवरून जायची! मी खिडकीत बसून गाणी गुणगुणत होते आणि त्या भिंतीच्या आत एक हिरवा पक्षी माझ्या आईच्या आवाजात बोलत होता. माझं लग्न झालं तेव्हाही तो बोलत असणार. कोणाला एका शब्दाने मला सांगावंसं वाटलं नाही. बाबांना तरी माहीत होतं का? बाई म्हणाल्या, नसेल. त्या खोलीत बाहेरच्या पुरुषांना मज्जाव होता आणि पोपट बाहेर कधी आला नाही.

आयुष्यात मी बऱ्याच जणांचा हेवा केला. आई असलेल्या मुलींचा तर रोज. पण पोपटाचा हेवा करायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं. दीड वर्षात माझ्या वाट्याला जे आलं ते मी विसरून बसले, आणि त्या मेल्याने सगळं घेतलं आणि जन्मभर वापरलं.

‘आता कुठं आहे तो?’ मी विचारलं. मूर्खासारखाच प्रश्न.

‘मागच्या चौकात पुरलीय. कबर आहे की तिची, रीतसर. मी दाखवते तुला.’

‘आई, तुमचे गुडघे!’ सून ओरडली.

‘गुडघे घेऊनच जाईन,’ बाई म्हणाल्या.

रविवारी गेलो. मेलेल्या पोपटाकडून मला काय ऐकू येणार होतं, हे मला कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पण या एवढ्या मोठ्या शहरात आईची म्हणावी अशी एकही जागा माझ्याकडे नव्हती. बाबांचं दुकान पाडलं, आमची चाळ पाडली, ज्या दवाखान्यात ती गेली तिथं आता गाड्या धुतात. निदान तिच्या पोपटाची जागा शिल्लक होती. मी सकाळी उठून ठेवणीतले कपडे घातले, मग आरशात बघून स्वतःलाच हसले आणि तेच घालून निघाले.

जुन्या एक्स्चेंजच्या तळमजल्यावर आता फर्निचरचं शोरूम आहे आणि वर कसली कसली ऑफिसं. काचेतून पलंग दिसतात, त्यांवर कधीच कोणी झोपणार नाही अशा उशा. मागच्या फाटकाशी एक वॉचमन खुर्ची मागे कलवून बसला होता. बाईंनी त्याला सांगितलं, ‘आम्ही इथल्या जुन्या स्टाफपैकी.’ त्याने तिघींकडे पाहिलं आणि आम्ही पलंग चोरून नेऊ असं काही त्याला वाटलं नाही. सोडलं.

मागचा चौक म्हणजे दोन इमारतींच्या पाठींमधली जागा. एसीची खोकी ओळीने भिंतीला चिकटलेली, त्यांचं पाणी टपटपतंय, खाली हिरवं शेवाळ. मोडक्या सोफ्यांचे सांगाडे, पाण्याचा पंप, स्कूटरी दाटीवाटीने लावलेल्या. आणि लोखंडी जिन्याखाली मात्र बरीचशी जागा मोकळी. इतकी दाटी असून त्या कोपऱ्यात एकही स्कूटर नाही.

तिथं गुडघ्याएवढी एक काळी पाटी जमिनीत रोवलेली होती. दगडी, चकचकीत काळी असणार एके काळी. तिच्यात गोल भोकांच्या ओळीच्या ओळी. काही भोकांत पितळी पिना बसवलेल्या, हिरव्या पडलेल्या. काही भोकांतून गवताची पाती बाहेर आलेली. आणि या सगळ्यावर लाल रंगात काढलेली कवटी, खाली आडवी हाडं, आणि ठळक अक्षरांत ‘धोका’.

बाई तिच्याकडे निघाल्या तसा वॉचमन धावतच आला. ‘ओ आजी! हात लावू नका! करंट आहे त्यात!’

बाईंनी मान वळवली. ‘अरे बाळा, यात करंट नाहीये. यात पोपट आहे.’

वॉचमनचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याने सुनेकडे बघितलं, की ही आपल्या सासूला आवरेल. सुनेने खांदे उडवले. मग त्याने मला सांगितलं, जरा बाजूला घेऊन, की मॅडम, आधीचा वॉचमन सांगून गेलाय, ही बिल्डिंगची जुनी मेन लाइन आहे, त्यालाही त्याच्या आधीच्याने सांगितलं होतं. रंग दर वर्षी तो स्वतः मारतो. मालकाने दोनदा हे उपटून जागा मोकळी करायला सांगितलं, पण हात लावायला कोणी कामगार तयार होईना.

म्हणजे घाबरट वॉचमनच्या पिढ्यांनी माझ्या आईच्या पोपटाची कबर राखली होती. मी त्याला मनापासून थँक्यू म्हटलं. तो आणखीच घाबरला आणि फाटकाशी जाऊन उभा राहिला.

त्याचं प्लॅस्टिकचं स्टूल आम्ही बाईंसाठी आणलं. त्या बसल्या आणि पाटीवर हात ठेवला. बोर्ड बदलले तेव्हा जुन्या बोर्डाचा हा तुकडा बायकांनी मिस्त्रीला पटवून कापून घेतला होता. रिटायर होताना जी ती आपली पिन इथं आणून एका भोकात बसवून जायची, अशी पद्धत पडली. बाईंनी आपली दाखवली, खालच्या ओळीत कडेला. रुमालाने त्यांनी पाटीच्या तळाशी असलेली पितळी पट्टी घासली तशी अक्षरं दिसायला लागली. ‘हेडबाई. जन्मभर ड्यूटी, एकही रजा नाही.’

‘रजा घ्यायला पिंजऱ्याबाहेर सोडत होतात का तिला?’ मी म्हटलं.

बाई खुदकन हसल्या. मी नवीन यंत्र त्यांच्या कानात बसवून दिलं होतं, त्यामुळे माझं तिरकं बोलणं आता त्यांना व्यवस्थित ऐकू येत होतं.

मग त्या सांगायला लागल्या. नियमाप्रमाणे फोन करणाऱ्याला फक्त ‘थांबा’ म्हणायचं, एवढंच. पण माझी आई म्हणायची, ‘थांबा हं, मी आहे लाइनवर.’ कारण नुसतं थांबा म्हटलं की लोकांना वाटतं आपल्याला टाकून गेले. सुपरवायझरनी दोनदा समज दिली होती की ‘मी’ म्हणायचं नाही, एक्स्चेंज म्हणजे कोणी ‘मी’ नव्हे. तिने ऐकलं नाही. पोपटाने नेमकं तेच उचललं. पुढे कोणाची तरी लाइन चुकून उघडी राहिली आणि पोपट पलीकडच्याला म्हणाला, थांबा हं, मी आहे लाइनवर. तो गृहस्थ दुपारपर्यंत थांबला! तक्रारसुद्धा केली नाही. उलट दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाला की कालच्या बाई फार सौजन्याने बोलल्या.

‘आणि आम्ही सगळ्या तिच्याच हाताखाली तयार झालो,’ बाई म्हणाल्या. ‘नवी मुलगी आली की पहिला आठवडा बोर्डाला हात लावायचा नाही. हेडबाईसमोर बसायचं आणि ती म्हणेल तसं म्हणायचं. तोच सूर, तोच वेग. सुपरवायझरांना शिकवायचा कंटाळा, आणि हेडबाईला कंटाळा माहीत नाही.’

शाळेत मास्तर कानीकपाळी ओरडायचे, पोपटपंची करू नका. इथं ती नोकरीची पात्रता होती.

‘त्यात खाकरायचंसुद्धा असायचं हो,’ सून म्हणाली. ही गोष्ट तिने घरात पुष्कळदा ऐकलेली असणार. ‘आई, ते एक्सरेचं सांगा ना!’

‘हां, ते!’ बाईंचे डोळे चमकले. ‘हेडबाई बोलायच्या आधी बारीक खाकरायची. दोनदा. घशातल्या घशात. आम्हाला वाटलं तीच पद्धत. दारावर टकटक केल्याशिवाय आपण कोणाच्या घरात शिरतो का? तसं आधी खाकरायचं, मग बोलायचं. अख्खं एक्स्चेंज खाकरायचं! मग वरून एक नवे साहेब आले. त्यांनी एक दिवस बसून सगळ्या लाइनी ऐकल्या. ही खाकरतेय, ती खाकरतेय, सगळ्याच खाकरताहेत. साहेबांची पाचावर धारण बसली. म्हणे साथ आहे! दुसऱ्या दिवशी एक्सरेची गाडी दारात. याच चौकात उभी होती, इथं. एकेकीला आत घेऊन छातीचे फोटो काढले. सगळ्यांचे. आणि गंमत म्हणजे एकीच्याही छातीत काही नाही! सगळ्या ठणठणीत! डॉक्टर फोटो उलटे करून बघतोय, सुलटे करून बघतोय. शेवटी काय लिहिलं असेल त्याने? हवामान!’

त्या इतक्या हसल्या की स्टूल डुगडुगलं. सून हसत होती. मीही हसले, चांगली पोट धरून हसले. आणि हसता हसता थांबले.

पोपट एकदा ऐकून काही शिकत नाही. तो शिकतो ते पुन्हा पुन्हा ऐकून. म्हणजे तो खोकला पुन्हा पुन्हा झाला होता. प्रत्येक वाक्याच्या आधी, दिवसभर, कित्येक महिने. ती बोर्डासमोर बसून दोनदा खाकरायची, घशातल्या घशात दाबायची, आणि मग अनोळखी माणसाला सांगायची की थांबा, मी आहे. आणि शेजारच्या खुर्चीवरच्या बाईलाही ते कळलं नाही, कारण त्या खोलीत सगळ्यांच्या कानांवर हेडफोन होते. मोकळे कान तेवढे पोपटाचे होते.

मी म्हटलं, ‘बाई, माझी आई छातीच्या आजाराने गेली.’

‘काय म्हणालीस?’

यंत्राची त्यांना अजून सवय नव्हती आणि त्या हसत होत्या. मला ते वाक्य परत म्हणावं लागलं, मोठ्याने. फाटकाशी उभ्या असलेल्या वॉचमननेही वळून बघितलं. असली वाक्यं ओरडून सांगायची नसतात.

बाईंचं हसू एकदम गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि त्याच्या मागून हळूहळू अर्थ पोचला. ‘आम्हाला तर ताप आला नि गेली असं सांगितलं होतं,’ त्या म्हणाल्या. त्यांनी पाटीवरचा हात उचलला. ‘म्हणजे ते... आम्ही रोज... अगं, मी ही गोष्ट लग्नाकार्यात सांगते गं. लोक मला आग्रह करून सांगायला लावतात.’

‘चांगलीच आहे गोष्ट,’ मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं. ‘सांगत जा.’

‘कुणाच्या लक्षातच आलं नाही. एवढ्या जणींचे फोटो काढले. जिचा काढायला हवा होता तिचा...’ सून त्यांच्या पाठीवर हात फिरवायला लागली. ‘आई,’ ती म्हणाली, या वेळी हळू, ‘आई, असू द्या.’

मी त्या दोघींकडे बघत उभी राहिले. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. आलं ते भलतंच. मला हवं होतं. मला ते इतकं हवं होतं की मला लाज वाटत होती. एका ऐंशीच्या बाईचा जीव कासावीस झालाय, तिला पाणी द्यावं, घरी न्यावं, हे सगळं दिसत असून मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि म्हटलं, ‘तुम्ही म्हणून दाखवाल का?’

‘काय?’

‘ते वाक्य. हेडबाईने शिकवलं होतं तसं. तुम्ही तर तिच्यासमोर बसून शिकलात ना. तुमच्या घशात असेल.’

सुनेने माझ्याकडे असं बघितलं, की मी कोणी दुसरी असते तर उठून गेले असते. बाईंनी मात्र डोळे पुसले. ‘कित्येक वर्षं झाली गं,’ त्या म्हणाल्या. मग पाठ ताठ केली, हात आपोआप कानाशी गेला, हनुवटी जराशी खाली आली.

‘थांबा हं, मी आहे लाइनवर.’

काही नाही. एका म्हाताऱ्या बाईचा कापरा आवाज, दमलेला, रडून चोंदलेला. त्यांनाही कळलं. ‘नाही निघत,’ त्या म्हणाल्या. परत एकदा म्हटलं. परत तेच.

‘तुम्ही खाकरत नाही आहात,’ मी म्हटलं.

‘कशी खाकरू गं? आता कळल्यावर कशी खाकरू?’

‘शिकवलं तसंच म्हणा ना, बाई. खोकल्यासकट. तो तिचाच आहे. माझ्याकडे तिचं दुसरं काहीच नाही, मला त्यातलं काही गाळून नकोय.’

वरून एसीचं पाणी टपटपत होतं. बाईंनी पाटीवर परत हात ठेवला. मग त्यांनी कानातलं यंत्र काढलं आणि मुठीत धरलं. ‘स्वतःचंच ऐकू आलं की मी चुकते,’ त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटले.

त्या खाकरल्या. दोनदा, अगदी बारीक, ओठ मिटून, शेजारच्याला त्रास नको म्हणून माणूस खाकरतं तसं. आणि त्या खाकरण्याने त्यांचा घसा जणू एका ठरावीक जागी जाऊन बसला, आणि तिथून जो आवाज आला तो त्यांचा नव्हता.

‘थांबा हं. मी आहे लाइनवर.’

तो मला वाटलं होतं त्याहून जाड होता. ‘थांबा हं’ हे घाईत, एका दमात, हात दुसऱ्या कामात असताना म्हणावं तसं. मग एवढीशी उसंत. आणि ‘मी आहे’ सावकाश, ‘आहे’मधला ‘हे’ जरासा वर गेलेला, हसू आलेलं माणूस बोलतं तसा. माझ्यासारखा मुळीच नव्हता. मावशी खोटं बोलत होती. आत्या म्हणायची तसा, वेगळा. मी त्या शेवाळावर, ठेवणीतल्या कपड्यांत, सरळ फतकल मारली.

बाईंनी डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. ‘तसाच आला का गं?’ त्यांनी काळजीने विचारलं. ‘तुझ्या आईसारखा?’

हे ज्या एका माणसाला माहीत असायला हवं होतं आणि माहीत नव्हतं, नेमकं त्यालाच त्या विचारत होत्या. यंत्र अजून त्यांच्या मुठीत होतं, म्हणून मला ओरडून सांगावं लागलं.

‘हो!’ मी ओरडले. ‘तसाच! अगदी तसाच! परत एकदा म्हणा!’